दोन संगणकांचा एक पडदा

एका आसनावर बसून ज्यांनी दोन राज्यं चालवली, त्यांनाच इतिहासानं चक्रवर्ती म्हटलेलं आहे. मला दोन संगणक चालवायचे होते, आणि आसन म्हणाल तर स्वयंपाकघरातली खुर्ची होती. तिचा एक पाय वर्तमानपत्राच्या घडीवर टेकलेला असतो. त्या घडीत माझाच एक जुना लेख आहे. माझ्या लेखनानं समाजाला काही आधार दिला नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन त्या खुर्चीत बसावं.

प्रसंग असा होता की आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन संगणक नांदत होते. एक माझा. तो जुना आहे, आणि माझ्या बावीस वर्षांच्या सदरलेखनाचा ऐवज ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, ते फक्त त्याच्यावरच उघडतं. दुसऱ्या कुठल्याही संगणकावर माझे लेख म्हणजे नुसते चौकोन दिसतात. (काही वाचकांना ते पूर्वीही तसेच दिसत असत, पण तो विषय वेगळा.) त्या ऐवजातून निवडक लेख काढून मी पुस्तक जुळवत होतो, आणि अधूनमधून नवा मजकूरही घालत होतो.

दुसरा संगणक प्रियदर्शनीचा, म्हणजे माझ्या पत्नीचा. तिची सगळी नोकरी जुनी दप्तरं वाचण्यात गेली आणि आता ती घरबसल्या मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग घेते. तिच्या पहिल्याच वर्गाला बेचाळीस विद्यार्थी आले. काही पार परदेशातले आहेत, आणि एक आमच्याच इमारतीतला आहे. दोन संगणक म्हणजे दोन पडदे, दोन कीबोर्ड, दोन माउस. उरलेल्या टेबलावर लोणच्याची बरणी मावायची, तीही सरळ उभी राहिली तर. आम्ही खिडकीशी बसून, मांडीवर ताट घेऊन जेवत होतो.

"रविवारी सकाळी दहाला परीक्षा आहे," प्रियदर्शनी म्हणाली. "तोवर मला अर्धं टेबल मोकळं करून द्या. आणि एक लक्षात ठेवा, माझ्या परीक्षेला तुमच्यामुळे धक्का लागता कामा नये. या बेचाळीस जणांना वर्षभर शिकवलंय मी."

"प्रियदर्शनी," मी म्हणालो, "तू निर्धास्त राहा."

ती तेव्हापासूनच अस्वस्थ होती, असं तिनं नंतर सांगितलं.

उपाय मी आधीच शोधून ठेवला होता. पडदा एकच, कीबोर्ड एक, माउस एक, आणि मध्ये एक छोटा डबा, ज्याचं बटण दाबलं की एकदा हा संगणक समोर येतो, एकदा तो. आपल्याकडे एकाच सुनेला दोन सासवांची कामं करावी लागतात, त्यातलाच प्रकार. खर्च जवळजवळ नाही. हा बेत मी लिफ्टमध्ये बोललो ही माझी पहिली चूक. आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये बोललेलं तळमजल्यावर आपल्या आधी पोहोचतं.

तिसऱ्या मजल्यावरची चैताली आयटीत आहे. ती म्हणाली, "काका, डबा कशाला? सॉफ्टवेअरनं होतं ना सगळं. दोन्ही मशीन्स नेटवर्कवर टाका, रिमोट घ्या. टोटली फ्री आहे."

"माझा संगणक नेटवर नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे? का?"

"त्याला बाहेरची हवा लागू दिलेली नाही. त्यामुळेच तो अजून जिवंत आहे."

चैतालीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच नेटवर नव्हतो.

दुसरा सल्ला बद्रीनाथरावांचा. हे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. मूळचे अकोल्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि मुलाकडे म्हणून पुण्यात आलेले. इमारतीतला तो एक विद्यार्थी म्हणजे हेच. आजोबांच्या पेटीत मोडीतली शंभरेक कागदपत्रं निघाली, ती मरायच्या आधी वाचायची म्हणून वयाच्या बहात्तराव्या वर्षी ते वर्गात बसले. माणूस अत्यंत सरळ. आमच्या पुस्तकाच्या दृष्टीनं मात्र त्यांच्यात एक अमोल गोष्ट होती.

चार महिन्यांपूर्वी आमच्या खिडकीखालची, सोसायटीची पाण्याची टाकी धुतली, तेव्हा आतली मोजायची पट्टी निखळून गेली. तेव्हापासून बद्रीनाथराव रोज सकाळी झाकण उघडून टाकीत बोट बुडवतात, ते रुमालाला पुसतात आणि खालच्या फळ्यावर खडूनं लिहितात : 'आज पाणी : दोन पेरं.' खडकवासल्यात किती अब्ज घनफूट आहे हे वर्तमानपत्रात येतं, आमच्याकडे किती पेरं आहे हे फळ्यावर. अशा माणसावर लिहिणार नाही तो विनोदी लेखक कसला? मी एक आख्खं प्रकरण योजलं होतं. फक्त 'अध्यक्ष' हा शब्द मी वापरत नव्हतो. शेजारधर्म म्हणून आणि बदनामीचा कायदा म्हणूनही. मी त्यांना 'कारभारी' म्हणत होतो.

"काय करून राहिले भाऊ?" त्यांनी जिन्यात विचारलं. मी सांगितलं. ते गंभीर झाले. "दोघांत एक वस्तू वाटायची म्हणजे आधी लिहून काढा, कोणाची पाळी कधी. पाटावर पाहिलं ना मी. पाण्यापायी कोणी भांडत नाही बाप्पा, पाळीपायी भांडतात."

मी हे ऐकलं आणि विसरलो. चांगल्या सल्ल्याशी मी नेहमी असाच वागतो.

बुधवार पेठेत गुलजारभाईंचं दुकान आहे. संगणकाचे सुटे भाग मिळतात. त्यांच्या वडिलांचं तिथेच रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे गिऱ्हाइकाला कमी बोलून वाटेला लावण्याची कला त्यांच्याकडे वारशानं आलेली आहे.

"दोन संगणक, एक पडदा. त्याचा स्विच आहे का?"

"आहे."

"चांगला आहे का?"

"स्विच आहे."

"वायरी बरोबर येतात?"

"येतात. लहान येतात."

"मोठ्या मिळतील?"

"मिळतील. स्विचपेक्षा महाग पडतील."

"असं कसं?"

"लहान वायर कुणालाच पुरत नाही, म्हणून."

तरीही मी लहान वायरीच घेतल्या. स्वस्तात करायचं हेच तर सूत्र होतं. पैसे देताना गुलजारभाई म्हणाले, "बटण दाबायचं नसेल तर कंट्रोलची कळ लागोपाठ दोनदा दाबा. पडदा बदलतो." मी मान डोलावली. अशी मान मी टॅक्सविषयी कुणी बोललं तरी डोलावतो.

घरी आल्यावर पहिलं काम केलं ते जास्तीचा पडदा घरातून घालवण्याचं. शहाण्या माणसानं आधी स्विच जोडून बघितला असता. पण मागे परतीची वाट ठेवली की माणूस नेटानं लढत नाही. ई-कचरा नेणारी गाडी दुपारी येणार होती. अडचण एवढीच की आमच्या सोसायटीत विजेची कुठलीही वस्तू फाटकाबाहेर न्यायची तर जावक पास लागतो, तीन प्रतींत, अध्यक्षांच्या सहीनं. बद्रीनाथरावांनी पडद्याची लांबी, रुंदी, रंग आणि 'वस्तूची अवस्था' हे रकाने भरून घेतले.

"चालू स्थितीत आहे?"

"आहे."

"मग कशाले टाकून राहिले?"

"गरज संपली."

त्यांनी 'शेरा' या रकान्यात लिहिलं : 'गरज संपल्याचे मालक सांगतात.' त्या 'सांगतात'वर त्यांचं पेन जरा रेंगाळलं, असं मला वाटलं. पडदा गेला. परत आणायचा तर आवक पास लागतो आणि तो पाच प्रतींत असतो.

जोडणीला मला अडीच तास लागले, त्यातले दोन टेबलाखाली. लहान वायरींचा अर्थ मला तिथे कळला. त्या एवढ्या आखूड होत्या की स्विच टेबलावर येईचना. तो टेबलाखालीच, मागच्या भिंतीच्या अंगाला, अर्ध्या वाटेवर लोंबकळत राहिला, सुगरणीच्या खोप्यासारखा. बटण दाबायचं तर गुडघ्यांवर बसून आत रांगत जावं लागे. माझ्या गुडघ्यांनी हा प्रस्ताव एकमतानं फेटाळला. पण कंट्रोलची कळ होतीच! ती दोनदा दाबली. टक, टक. समोर माझं पुस्तक. टक, टक. समोर प्रियदर्शनीची प्रश्नपत्रिका. अर्ध्या टेबलावर लख्ख ऊन पडलं होतं. त्या दिवशी आम्ही टेबलावर जेवलो. प्रियदर्शनीनं मला दुसऱ्यांदा भात वाढला, हा आमच्याकडे सत्कार समजला जातो.

गुरुवारपासून पडदा आपोआप बदलायला लागला.

मी लिहायला बसे. प्रकरण रंगात येई. मान वर करून बघावं तर समोर माझ्या कारभाऱ्याऐवजी प्रियदर्शनीच्या परीक्षेतला उतारा. तो कुठल्याशा गावच्या दोन भाऊबंदांनी एका विहिरीचं पाणी आळीपाळीनं कसं घ्यावं याबद्दलचा जुना करार होता. मी पुन्हा परत येई, पुन्हा लिही, पुन्हा विहीर. त्यात दुपारी माझं एक उत्तम वाक्य नाहीसं झालं. मी ते लिहिलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं, पण पुस्तकात ते नव्हतंच. मी टंकताना पडद्याकडे बघत नाही, कळांकडे बघतो. लेखकानं लिहिताना वाचकाच्या तोंडाकडे बघू नये, या माझ्या जुन्या मताशी ते सुसंगत आहे. चांगली वाक्यं हरवण्याची मला सवय असल्यामुळे मी फार शोधाशोध केली नाही.

चैताली आली, खुर्चीत बसली, पाऊण तास टकटक करत राहिली. पडदा एकदाही हलला नाही. "काका, इट्स वर्किंग फाइन. तुम्ही नक्की काय करता?"

"लिहितो."

"मग मेबी तेच."

बद्रीनाथराव आले. त्यांनी बसायच्या आधी स्विचला हात जोडले, मग निदान केलं. "अर्थिंग. जमीन सुकली ना उन्हानं. खड्ड्यात पाणी सोडावं लागते." मी म्हणालो, पाणी कुठून आणायचं, फळ्यावर तर दीड पेरं लिहिलंय. त्यांनी क्षणभर विचार केला आणि अध्यक्षाच्या अधिकारात एक बादली मंजूर केली. ती त्यांनी स्वतः उचलून मीटरखोलीमागच्या खड्ड्यात ओतली, वर मूठभर मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर 'एक पेरं (एक बादली विद्युत कामी)' असं लिहिलेलं होतं. सगळी इमारत माझ्याकडे बघायला लागली. पडदा बदलतच होता.

प्रियदर्शनीनं प्रश्नपत्रिका मंगळवारीच तीनदा तपासून तयार ठेवली होती. आता तिला एकच काळजी होती, की ऐन परीक्षेत तिच्या बेचाळीस विद्यार्थ्यांसमोर माझं पुस्तक उगवू नये.

शेवटी शनिवारी मी गुलजारभाईंना फोन केला. ते आले, चहा घेतला आणि स्विचकडे ढुंकूनही न बघता माझ्यामागे स्टूल ओढून बसले.

"लिहा."

"काय लिहू?"

"रोज लिहिता ते. मी इथे नाही असं समजा."

मी लिहायला लागलो. दोन ओळी झाल्या, एका शब्दाशी अडलो, छताकडे पाहिलं आणि खाली बघतो तर समोर विहीर.

"बघा!" मी विजयानं म्हणालो.

"बघितलं," गुलजारभाई म्हणाले. "तुमची करंगळी."

"करंगळीचं काय?"

"शब्द अडला की तुम्ही डाव्या करंगळीनं कोपऱ्यातली कळ वाजवता. टक टक. तपकिरीची डबी वाजवतात तशी. ती कंट्रोलची कळ आहे." त्यांनी कप खाली ठेवला. "मशीन ठीक आहे. तुम्ही विचार केला की पडदा बदलतो."

आतून प्रियदर्शनीचा आवाज आला, "मग इतक्यांदा कसा बदलला?"

बावीस वर्षं ज्या करंगळीनं मी शब्द मिळवले, तिच्यावर घरात उघड आरोप झाला होता, ही गोष्ट मनाला लागली.

गुलजारभाईंनी टेबलाखाली वाकून कीबोर्डची वायर एका भोकातून काढून शेजारच्या भोकात खुपसली. आता कळेनं काही बदलणार नव्हतं, बटणच दाबावं लागणार होतं. "आणि ते कसं दाबायचं?" मी विचारलं. त्यांनी घरभर नजर फिरवली. मोडीत आधी सगळी शिरोरेघ आखतात आणि मग तिला अक्षरं लटकवतात. त्यासाठी प्रियदर्शनी वर्गात कॅमेऱ्यासमोर एक तीन फुटी लाकडी पट्टी वापरते. गुलजारभाईंनी ती उचलली, मला खुर्चीत बसवलं, पट्टी टेबलाखालून तिरकी आत घातली आणि टोकानं बटण दाबलं. पडदा बदलला.

"हे झालं," ते म्हणाले. "यापेक्षा स्वस्तात होत नाही."

आता मी खरा चक्रवर्ती झालो. आसन होतंच, हातात दंडही आला.

रविवारी परीक्षा निर्विघ्न पार पडली. मला सकाळी साडेनऊ ते एक टेबलापासून बारा फूट लांब बसवलं होतं आणि करंगळी दिसेल अशी ठेवायला सांगितलं होतं. उत्तरपत्रिकांचे फोटो आले. प्रियदर्शनी संध्याकाळी तपासायला बसली. पहिले दोन प्रश्न सगळ्यांचे तपासून झाले, मग ती तिसऱ्याचे फोटो एकामागून एक उघडत गेली. मग तिनं चष्मा काढला.

"अहो, इकडे या जरा."

तिचा स्वर मी ओळखतो. मी पट्टी घेऊन गेलो, आधाराला.

"तिसरा प्रश्न. देवनागरी उताऱ्याचं मोडीत लिप्यंतर. ऐका. 'सदरहू विहिरीचे पाणी दोघां भाऊबंदांनी आळीपाळीने घ्यावे, कमीजास्त करू नये. कारभारी प्रातःकाळी टाकीत बोट बुडवितात व ते ज्या गांभीर्याने पुसतात त्यावरून पाणी किती हे रहिवाशांनी ओळखावे. येणेप्रमाणे करार लिहून दिला असे.'"

माझं हरवलेलं वाक्य सापडलं होतं. ते विहिरीत पडलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिथे फार शोभत होतं.

"बेचाळीस जणांनी हे लिहिलंय," प्रियदर्शनी म्हणाली. "एकानंही विचारलं नाही. मोडीत शब्द तोडत नाहीत, त्यामुळे कुठं करार संपतो आणि कुठं तुम्ही सुरू होता हे दिसतसुद्धा नाही. बेचाळिसातला एक कोण आहे ठाऊक आहे?"

मला ठाऊक होतं.

"त्यांनी वर्षभर एक तास चुकवला नाही. आजोबांचे कागद वाचायचेत त्यांना. तुम्ही आत्ता वर जा आणि सांगा."

मी चप्पल शोधत होतो. मला चप्पल सापडायला वेळ लागतो. तेवढ्यात बेल वाजली. दारात बद्रीनाथराव उभे. डोळे पाणावलेले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "पेपर भेटला, आन् मी तर रडलोच. तिसरा प्रश्न. दोनशे वर्षांमागंही कारभारी बोट बुडवूनच पाणी मोजत होते! आन् त्याचा करार होता, लेखी! इथं लोक मले हसतात. लिफ्टमधे 'पेरंवाले' म्हणतात. मी तो उतारा फ्रेम करून फळ्याजवळ लावतो म्हणतो. त्याचं मूळ कोणत्या दप्तरात आहे तेवढं सांगा."

प्रियदर्शनीनं माझ्याकडे पाहिलं. मी उभ्या आयुष्यात मंत्री, महापौर, साहित्यसंमेलनं, कुणालाही घाबरलो नाही. पण फ्रेमचा विषय निघाल्यावर मी पुन्हा चप्पल शोधू लागलो.

"बद्रीनाथराव, बसा," मी म्हणालो. "मूळ दप्तर माझं आहे."

मी सगळं सांगितलं. करंगळी, विहीर, कारभारी, प्रकरण. प्रकरणाचं नाव सांगितलं नाही, ते आता बदललंही आहे. ते ऐकत होते. बोटांनी रुमालाची घडी उलगडत होते, पुन्हा घालत होते. अर्थात मी शब्दांची जुळवाजुळव करतच होतो की विनोद हा प्रेमातूनच होतो, वगैरे.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही रोज खिडकीतून पाहून राहिले, मी बोट बुडवतो ते."

"हो."

"चार महिने."

"साधारण."

"आन् ते ज्या कारणानं बुडवतो तेही ठाऊक होतं. पट्टी निघून गेली, आन् नवीन घ्यायची तर खर्चाला सभेची मंजुरी लागते. सभा ऑगस्टात."

"ठाऊक होतं."

ते उठले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देणं हा माझा व्यवसाय होता. प्रियदर्शनीनं विचारलं, "भाऊसाहेब, परीक्षा पुन्हा घेऊ का?"

"नको वहिनी. लिप्यंतर बरोबर आहे ना माझं?"

"अचूक आहे. दहापैकी दहा."

"मग झालं." ते दारापर्यंत गेले आणि वळले. त्यांची नजर माझ्या हातातल्या तीन फुटी पट्टीवर स्थिरावली. ती टाकीच्या बरोब्बर मापाची होती, हे मलाही त्याच क्षणी दिसलं.

"भाऊ," ते म्हणाले, "विकत घ्यायला मंजुरी लागते. दानाला लागत नाही. तेवढी पट्टी देता का?"